घरगाडीची गादी आणि तिचा एक कोपरा

सुज्ञ वाचकांस प्रथमच नम्रपणे निवेदन करतो की, पुढील मजकुरात एका गादीची खरेदी, तिचे आगमन, तिच्यापायी ओढवलेला अपमान आणि अखेरीस तिच्यावर झालेला निवाडा, एवढाच विषय आहे. यात प्रणय नाही, युद्ध नाही, आणि बोधही बहुधा नाही. तथापि ज्यांना आयुष्यात कधी ना कधी एखादी वस्तू मापाने करवून घ्यायची आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे.

मी व्यवसायाने पुस्तकबांधणी करतो. शाळा सहावीत सुटली. पुढील विद्या बांधणीस आलेल्या ग्रंथांतून मिळवली. पण ती फर्म्याफर्म्याने, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या तुकड्यांनी मिळाल्यामुळे तिच्यात मधेमधे खंड आहेत. वसाहतीत मला पुठ्ठेकाका म्हणतात. मी त्यास हरकत घेतलेली नाही.

आमच्याकडे एक जुनी घरगाडी आहे. जिच्या पोटात पलंग, शेगडी आणि शौचालय असून जी शिवाय चालते, अशी मोटार. लोक तिला कॅराव्हॅन म्हणतात. ती का घेतली हे सांगत बसत नाही. मी सांगू लागलो तर सौ.ही सांगू लागेल आणि दोन्ही हकिकती जुळायच्या नाहीत. माझ्या मनातला बेत मात्र लपवीत नाही. धंदा आवरता घ्यावा आणि वर्षातले चार महिने आम्ही दोघांनी या गाडीतून हिंडावे, असा तो बेत होता. त्यात ‘दोघांनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकट्याने हिंडायला मला एक पिशवी पुरली असती.

पहिल्याच सफरीत एका तलावाकाठी मुक्काम केला. गाडीतल्या गादीच्या मध्यभागी पूर्वीच्या मालकाने वर्षानुवर्षे झोपून एक दरी निर्माण केली होती. आम्ही दोघे दोन काठांवर झोपलो आणि सकाळी तळाशी जागे झालो. चौतीस वर्षांच्या संसारात इतके निकट आम्ही क्वचितच आलो असू, आणि तेही दोघांच्या मर्जीविरुद्ध. सौ. उठली ती कमरेवर हात ठेवून. चहा तिने उभ्यानेच घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाली, “अहो, मी परत या गाडीत पाय ठेवायची नाही. गादी बदला, नाहीतर गाडी विका.”

“अगं, गादी बदलणं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे?” मी म्हणालो.

हे वाक्य परत घेता आले असते, तर आज हा मजकूर लिहावा लागला नसता.

घरी येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच मेव्हणा हजर झाला. सौ.चा हा धाकटा भाऊ विमा विकतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा शेवट कसा होणार हे त्याला आधीच दिसते. बूट काढता काढताच तो म्हणाला, “भाऊजी, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. दातांचे डॉक्टर आहेत, सज्जन माणूस. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता गाडी बघायला येतायत.”

“गादी बदलायचं ठरलंय ना?”

“बदला की. ताई म्हणाली, गादी मनासारखी झाली तर झाली, नाहीतर डॉक्टर आहेतच. तुमच्यावर काही दडपण नाही.”

दडपण नाही असे ज्याला सांगावे लागते, त्याच्या मनाची अवस्था काय होते, ते वाचक जाणतातच.

आता गादी कोणती घ्यावी, हा प्रश्न. हा प्रश्न मी जिन्यात, फक्त एकदा, आणि तोही हळू आवाजात उच्चारला. संध्याकाळपर्यंत साऱ्या वसाहतीला उत्तरे सुचली होती. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, गादी हेच मुळात दुखण्याचे मूळ आहे, आपण तीस वर्षे टपालाच्या पोत्यांवर झोपलो. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, “गादीला काही होत नाही हो, उशी चुकते माणसांची.” तळमजल्यावरच्या पोरसवदा इंजिनिअराने मोबाइलवर एक तक्ता दाखवला. त्यात माणसाचे वजन, उंची आणि झोपेतली कूस घातली की गादी निघत असे. त्याने सौ.चे वजन विचारले. मी ते सांगितले नाही. मला त्या घरात अजून राहायचे आहे.

मणक्याच्या विकारांवरील एका थोर ग्रंथाचे पहिले तीन फर्मे माझ्या हातून गेलेले आहेत. पुढचे काम दुसऱ्या बांधणीकाराकडे गेले. त्यामुळे पाठ का दुखते याची अठ्ठेचाळीस पाने मला माहीत आहेत, उपाय एकही नाही.

सबब मी मेव्हण्याच्या सल्ल्याने बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. जाण्यापूर्वी जुन्या गादीचे माप घेतले. येथे दोन गोष्टी घडल्या, त्या प्रांजळपणे नमूद करतो. पहिली अशी की टेप मी गादीवर दाबून धरला, त्यामुळे तो दरीत उतरून पलीकडे चढला आणि रुंदी चार बोटे जास्त आली. दुसरी अशी की आमच्या धंद्यात पुठ्ठा नेहमी दोन बोटे जास्तच घेतात. बांधून झाल्यावर कडा छाटायच्याच असतात. हाताला ती सवय आहे. मी दोन बोटे मिळवून सांगितली. गादी बांधून झाल्यावर कोणी छाटत नाही, हे मला नंतर कळले.

दुकानातून आलेली गादी हवा काढून, गुंडाळून, पिशवीत बंद केलेली होती. एखाद्या जाड्या सतरंजीएवढी दिसत होती. मी ती खांद्यावर घेऊन गाडीत शिरलो, पलंगावर ठेवली, मागे दार लावून घेतले, कारण मांजर आत येत होते, आणि दाभणाने पिशवीला एक भोक पाडले.

गादीने आधी एक सुस्कारा सोडला. मग ती उलगडली. मग फुगली. मग पलंगावर मावेना म्हणून पुढे सरकली, आणि मी मागे सरकलो. ती शेगडीपाशी आली तेव्हा मी शौचालयाच्या दाराला पाठ लावून उभा होतो. गादी आणि मी समोरासमोर होतो. बाहेर जायचे दार तिच्या पलीकडे होते.

मी खिडकीतून बाहेर पडत असताना खाली पोस्टमास्तर वर्तमानपत्र घेऊन उभे.

“पुठ्ठेकाका, दाराने का येत नाही?”

“दार गादीपलीकडे आहे.”

“मग गादी बाहेर काढा आधी.”

“तीही दारातूनच काढावी लागेल, आणि दारापर्यंत मला जाता येत नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “पोत्यांचं असं नसतं,” ते म्हणाले आणि वाचू लागले.

मेव्हण्याने आणि मी दारातून ओढून ती गादी बाहेर काढली. दुकानात परत नेली, तर तेथील कर्मचारी शांतपणे म्हणाला, “पिशवी फोडलीत?”

“न फोडता झोपायचं कसं?”

“झोपायचं असेल तर फोडायची साहेब. परत करायची असेल तर फोडायची नाही.”

या उत्तरात तर्काची एकही फट नव्हती. गादी घरी परत आली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. सौ. तिच्याकडे पाहून एवढेच म्हणाली, “अजून किती पाहुणे यायचेत ते सांगून ठेवा.” मेव्हणा येऊन गेल्यापासूनचे पाच दिवस असे गेले.

गाडीतल्या पलंगाची खरी अडचण आता ध्यानात आली. तो चौकोनी नव्हता. त्याचा पायथ्याकडचा उजवा कोपरा तिरका छाटलेला होता, कारण शौचालयाचे दार नेमके तिथेच उघडते. अशी गादी तयार मिळत नाही, करवूनच घ्यावी लागते. लाकडाच्या वखारीमागे एक वृद्ध गादीवाला आहे, हे मला नर्सबाईंनी सांगितले. हा सल्ला मात्र उपयोगी होता, हे त्यांच्या श्रेयासाठी लिहितो.

गादीवाल्याने माझे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि मागल्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे सात गाद्या एकावर एक रचलेल्या होत्या. “या तोंडी मापाच्या,” तो म्हणाला. “आता तोंडी घेत नाही. नमुना आणा. कागदाचा चालेल.”

“पुठ्ठ्याचा आणला तर?”

“पुठ्ठ्याचा कोण आणतो? आणलात तर उत्तमच.”

वाचकहो, इतक्या दिवसांच्या मानहानीनंतर प्रथमच प्रश्न माझ्या प्रांतात आला होता. मी रात्रीचे जेवण चुकवले नाही, पण दुसरा दिवस पूर्ण दिला. तीन पुठ्ठे कापडी सांध्यांनी जोडून घडी होणारा नमुना केला. या वेळी पलंगाच्या फळ्यांचेच माप घेतले आणि दोन बोटांचा मोह आवरला. तिरकी कड अशी छाटली की हात फिरवला तर कळू नये. वरून कापड चढवले. मग पाठच्या बाजूला, सुवाच्य अक्षरात, एका टोकाला ‘डोके’ आणि दुसऱ्या टोकाला ‘पाय’ असे लिहिले. पाठच्या बाजूला, कारण आमच्या धंद्यात कोणतीही खूण दर्शनी बाजूस करीत नाहीत. दर्शनी कापडावर ज्याने शाई लावली तो बांधणीकार नव्हे, असे माझे गुरू म्हणत, आणि बोलण्याबरोबर पट्टीही वापरीत.

गादीवाल्याने नमुना उघडून पाहिला, मिटून पाहिला. “हे कापून काय गादी करायची,” तो म्हणाला, “हे भिंतीला लावायचं.” आम्ही दोघेही थोडे भारावलो. खाली कडक थर आणि वर चार बोटांचा मऊ थर, असे ठरले. मी घरी येऊन सौ.ला सांगितले की, तुला ढगावर झोपल्यासारखे वाटेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “ढगावर मी कधी झोपले नाही, पण बघू.”

गादी बुधवारी सकाळी आली. त्याच दिवशी अकरा वाजता गाडीची तपासणी होती. परवाना संपत आला होता आणि तपासणीशिवाय गाडी ना चालवता येते ना विकता येते. गादी दिसायला सुरेख होती. गडबडीत पलंगावर टाकली. डावीकडे पायथ्याशी थोडी फळी उघडी दिसली आणि उजवीकडे एक कोपरा पलंगाबाहेर आला, त्याकडे मी नवी गादी आहे, बसेल, अशा उदार दृष्टीने पाहिले.

तपासणी अधिकारी कृश, अबोल गृहस्थ होते. त्यांनी दिवे पाहिले, चाके पाहिली, शेगडी पेटवून विझवली. शेवटी शौचालयाचे दार ओढले. ते चार बोटे उघडले आणि गादीच्या कोपऱ्यात रुतले.

“आत जाणार कसे?”

“सडपातळ मनुष्य जाऊ शकतो,” मी म्हणालो.

ते सडपातळ होते. त्यांनी प्रयत्न केला, हे त्यांच्या निष्ठेबद्दल सांगतो. एक खांदा आत गेला. तो बाहेर काढायला मला मदत करावी लागली. मग त्यांनी कपडे झटकले आणि फाइल उघडली.

“ज्यात जाता येत नाही ते शौचालय नाही. ते कपाट झालं.”

“बरं, कपाट.”

“शौचालय नसेल तर ही घरगाडी नाही. आत काय आहे मग? एक गादी. म्हणजे गादी वाहून नेणारी मालगाडी.” ते लिहू लागले. “मालगाडीसाठी अर्ज वेगळा. खिडकी नऊ. माल कुठून कुठे नेताय ते लिहावं लागेल.”

“साहेब, आम्ही नवराबायको यात झोपणार आहोत.”

“मालावर माणसांना झोपायची परवानगी नाही.”

पुष्कळ विनवण्या केल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि शनिवारपर्यंत मुदत दिली. शनिवारी दार उघडले नाही तर खिडकी नऊ.

मी थेट वखारीमागे गेलो. गादीवाल्याने नमुना आणून जमिनीवर पसरला, अक्षरे वर करून. त्यावरून गादी बरहुकूम होती. मी नमुना पालथा केला. त्यावरून गादी बरोबर उलटी होती.

“लिहिलंय ती वरची बाजू,” गादीवाला म्हणाला. “पन्नास वर्षं आम्ही असंच करतो.”

“लिहिलंय ती आतली बाजू,” मी म्हणालो. “चाळीस वर्षं आम्हीही.”

“वाचायचं असेल ते कोणी आत लिहितं का, काका?”

“काम करणाऱ्याने वाचायचं असतं. गिऱ्हाइकाने नाही.”

“मी काम करणाराच की. वाचलं. जिथे वाचलं ती बाजू वर धरली.”

 भांडण करावे तर दोघेही आपापल्या धंद्याच्या नियमाने वागलेले. त्याने चहा मागवला. चहा पिताना तो म्हणाला, “उलटी घाला. पालथी केली की कोपरा जागेवर येतो.”

“आणि मऊ थर?”

“तो खाली जातो. खोळ मी पालटून देतो, वरून कळायचं नाही.”

“झोपणाऱ्याला कळेल.”

“झोपणारं कोण?”

मी सांगितले. त्याने कप खाली ठेवला आणि माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. तोही विवाहित असावा.

नवी गादी करायला पुन्हा पाच दिवस लागणार होते आणि दंतवैद्य चार दिवसांवर आले होते. मी पालथ्या गादीला संमती दिली. शनिवारी अधिकाऱ्यांनी शौचालयाचे दार तीनदा उघडले, तीनदा लावले, मग आत जाऊन कडी लावली, आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन शिक्का मारला. कायद्यापुढे मी जिंकलो होतो. परंतु माझा खटला त्या कचेरीत नव्हताच.

रविवारी दुपारी दोन वाजता सौ. गाडीपाशी आली. पायरीवर चपला काढल्या, आत जाऊन गादीवर तळहात दाबला. तळहात जिथल्या तिथे राहिला.

“हाच का तो ढग?”

खोटे बोलावे असे दोन दिवस मनात घोळवले होते. शब्दही जुळवले होते. आयत्या वेळी जमले नाही.

“ढग खालच्या अंगाला आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

मी सर्व सांगितले. नमुना, अक्षरे, गुरूंची पट्टी, खिडकी नऊ. सांगता सांगता मला स्वतःलाच वाटू लागले की ही गाडी विकलेलीच बरी. शेवटी म्हणालो, “तुझ्या पाठीचं बघायला निघालो आणि तुझ्या पाठीखाली फळी आणून ठेवली. डॉक्टर चार वाजता येतायत. हरकत नाही माझी.”

तिने हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, “पाच मिनिटं पडून बघते. न बघताच नाही म्हटलं असं तुमच्या मनाला लागून राहायला नको.” आणि तिने दार लोटून घेतले.

मी पायरीवर बसलो. पाच मिनिटे झाली. वीस झाली. आतून हालचाल नाही. कमरेत उसण भरून तिला उठताच येत नसेल, अशी भीती वाटली. पण हाक मारायचे धैर्य झाले नाही. बरोबर चार वाजता मेव्हणा दंतवैद्यांना घेऊन आला.

“भाऊजी, उघडा गाडी.”

“हळू बोल. आत ताई आहे.”

“काय करतेय?”

“निवाडा.”

मेव्हण्याने दाराच्या मुठीला हात घातला, आणि त्याच वेळी आतून एक खोल, दीर्घ आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

“इंजिन चालू आहे का?” दंतवैद्यांनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “इंजिन इतकं नियमित चालत नाही.”

मेव्हण्याने मुठीवरचा हात काढला. आपल्या बहिणीला झोपेतून उठवण्याचे परिणाम त्याने लहानपणापासून भोगलेले आहेत. “तुम्ही उठवा, भाऊजी.”

“गिऱ्हाईक तुझं आहे. तू उठव.”

दंतवैद्य खरोखरच सज्जन निघाले. त्यांनी बाहेरून गाडीला एक प्रदक्षिणा घातली, डोळ्यांभोवती तळहात धरून खिडकीतून डोकावले, आणि आत एक गृहिणी झोपली आहे हे ध्यानात येताच ओशाळून मागे झाले. पोस्टमास्तर खुर्ची घेऊन आले. नर्सबाईंनी वरून चहा पाठवला. सगळे कुजबुजत बोलत होते. पाच वाजता दंतवैद्य म्हणाले, “झोपलेल्या माणसासकट गाडी बघणं बरं दिसत नाही,” आणि गेले.

“हा माणूस परत यायचा नाही, भाऊजी,” मेव्हणा म्हणाला.

“बरं,” मी म्हणालो.

सहाला दार उघडले. सौ. दारात उभी. गालावर गादीच्या शिवणीचा लांबच लांब वळ उमटलेला. तिने कमरेवर हात ठेवला, मला तलावाकाठची सकाळ आठवली. पण तो हात पदर खोचायला गेला होता.

“किती वाजले?”

“सहा.”

“एवढी माणसं कशाला जमलीत? कोणाला काही झालं का?”

 तिने मागे वळून गाडीच्या आत एक नजर टाकली, जशी ती भाड्याची खोली पाहायला गेल्यावर टाकते तशी.

“पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांवर येतं हो. त्याच्यामुळे जाग आली, नाहीतर आठ वाजवले असते. या खिडकीला पडदे लागतील, जाड.”

मी खिशातून टेप काढला.

“द्या इकडे,” ती म्हणाली. “माप मी घेणार. तुम्ही फक्त दुसरं टोक धरा.”

मी आत गेलो आणि टोक धरले.

एका गादीसाठी इतका वेळ खर्च करणाऱ्या प्रत्येक वाचकाचे मनःपूर्वक आभार मानून, लेखणी येथे ठेवतो.

आपला नम्र,
पुठ्ठेकाका, पुस्तकबांधणीकार